नारूचे फडके

जुन्नर, ता. ४ मे १९०७

वडीलबंधू रहमतुल्लाभाई यांस, धाकट्या कमरुद्दीनचे बाद सलाम विशेष.

नारूच्या जंतावरचे माझे काम सरले. बेल्ह्याच्या एकाच बारवेचे पाणी पिणारी चाळीस घरे मी धरली होती. वीस घरांनी आमच्या दवाखान्याने दिलेल्या फडक्यातून पाणी गाळून प्यायले, वीस घरांनी नेहमीसारखे. दीड वर्षात गाळणाऱ्यांपैकी दोघांना नारू झाला, न गाळणाऱ्यांपैकी अकरा जणांना. छापायला साहेबांची परवानगी आहे. मात्र भाई, तुमच्या वर्तमानपत्रात एवढेच लिहा की गाळल्याने नारू कमी झालेला दिसतो, घरे थोडी होती, आणि जो नारू आधीच अंगात आहे त्यावर याचा उपयोग नाही. हे शेवटचे वाक्य वगळू नका.

अम्मा बेल्ह्यास खुशाल आहे. गाळणाऱ्या घरांत पहिले घर तिचेच. लोभ आहेच, तो असाच राहो.

पुणे, ता. २० मे १९०७

चिरंजीव कमरुद्दीन यास बाद दुवा.

अंक पाठवला आहे. तुझा मजकूर वाचून आमचे संपादक जांभया देऊ लागले. 'दिसतो', 'थोडी घरे', असले कोण वाचणार, म्हणाले. म्हणून मी मथळा दिला, 'जुन्नरच्या डॉक्टरांचा शोध: फडक्याने नारू पळाला!' शेवटचे वाक्य जागेअभावी राहिले. तिथे केसांच्या तेलाची जाहिरात आली. तीन प्रती बेल्ह्यास धाडल्या आहेत. रुसू नकोस, नाव तुझेच झाले. थोरल्यावर माया ठेव.

जुन्नर, ता. ९ जून १९०७

भाईंस बाद सलाम.

नारू राहिला जागच्या जागी, पळाली ती फडकी. बेल्ह्याच्या शाळेतल्या सयाजी मास्तरांनी बैलबाजारात तुमचा अंक मोठ्याने वाचला, आणि लोक पायाला फडके बांधू लागले. तेही दवाखान्याचेच हवे, म्हणजे गुण येतो. अम्माने आपले गाळायचे फडके फाडून त्याच्या चिंध्या आळीत तावितासारख्या वाटल्या, एक स्वतःच्या पायाला बांधली. घागर आता न गाळताच भरते. मी जाऊन समजावले, तर म्हणाली, पेपरात छापलेले खोटे कसे असेल? मीही तिचाच लेक, पण छापलेला नव्हे.

भाई, खुलासा छापा. पाण्यातून पोटात गेलेला नारू पायातून निघायला वर्ष लागते. मला पुढच्या उन्हाळ्याची भीती वाटते. तुमच्यावर रागावलो आहे, तरी लोभ आहे.

पुणे, ता. २८ जून १९०७

चिरंजीवास दुवा.

खुलासा छापला, चौथ्या पानावर, तेलाच्या जाहिरातीखाली. कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही. तू उगाच घाबरतोस. माया असू दे.

बेल्हे, ता. १६ मे १९०८

चिरंजीव कमरुद्दीन यास दुवा.

तू परवा जुन्नरला परतलास तेव्हापासून अम्माचा पाय माझ्याकडे आहे. चिंधीच्या बोटभर खाली निघालेला नारू तू दाखवलास तसा काडीला गुंडाळतो, रोज थोडा. ओढला तर तुटतो आणि पाय सुजतो, असे तू बजावले होतेस. या वेळी तुझा एकही शब्द वगळलेला नाही. ती कण्हते तेव्हा मला मान वर करवत नाही.

काल तिला सांगितले की चूक माझी, मथळा माझा. तिने शांतपणे ऐकले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लेकरा, तुझ्या पेपरामुळं फडकं बांधलं म्हणून एकच निघाला. न्हाई तर लई निघालं असतं." वर म्हणते, हेही छाप.

पाणी मी गाळून ठेवतो. ती माझे मन राखायला पिते.

तुझा लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा राहू दे.