आईसाठी ऑपेराची डीव्हीडी

माह्या लाडक्या आईले जर्मनीहून नीरजाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहो. मनगट थोडं दुखते, पण पट्टी बांधली की व्हायोलिन वाजवता येते. बाबांचा खोकला कसा आहे? शंतनुदादा म्हणे, कानाचं मशीन लावूनही तुले फोनवरचं बोलणं उमजत नाही, गाणं तर नाहीच. म्हणून फोन न करता लिहून राह्यली.

सोबत आमच्या ऑपेराची डीव्हीडी आहे. आपल्या संगीत नाटकासारखंच असते, पण त्यात बोलणंही गाऊनच होते. शंतनुदादाले लावून मागजो. व्हायोलिनवाल्यांत दुसऱ्या रांगेत, अंबाडा घातलेली मी आहो.

शेवटी एक आई लेकीले निरोप देते. तिथं मले आपलं संग्रामपूर आठवलं. तू मले बसनं शेगावले व्हायोलिन शिकायले नेत होती आणि क्लास सुटेपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहत होती. वाजवता वाजवता डोळ्यांतून पाणी आलं, अन् नेमका तेव्हाच कॅमेरा माह्यावर होता.

डीव्हीडी बनवणाऱ्या बाईंनी नंतर विचारलं, "हे काढून टाकू का?"

मी हो म्हणणारच होती. पण मग म्हटलं, "राहू द्या. माह्या आईले गाणं ऐकू येणार नाही. माह्या तोंडाकडे पाहून तिले ते समजेल."

ते पाहून घाबरू नको. मी इथं दुःखी नाही. त्या वेळी मी फक्त तुह्यासाठी वाजवत होती.

तुही लेक,
नीरजा