अकरा रविवार मी ‘येते’ म्हणाले

जुळे सोलापूर,
मंगळवार, दुपार

ती. सौ. रंभाअक्कास,

धाकट्या दाक्षायणीचा साष्टांग नमस्कार, शरणु शरणार्थी. दाजींनाही सांग.

पोस्टमननं पत्र दिलं म्हणून घाबरून मटकन खाली बसू नकोस, इकडे सगळं खुशाल आहे. (सगळं म्हणजे मी आणि गॅलरीतली तुळस. हे गेल्यापासून मोजायला दुसरं आहे कोण?) तुझा गुडघा कसा आहे? करडईचं तेल कोमट करून चोळ म्हणून मी डबा पाठवला होता, त्याची तू भजी तळलीस असं कळलं. रेश्मावर डाफरू नकोस, तिनं आपण होऊन चुगली केलेली नाही, मीच खोदून विचारलं होतं. तुला सून चांगली मिळाली आहे, एवढंच म्हणते. फोन न करता पत्र लिहायचं कारण असं, की फोनवर तू “बोल” म्हणतेस आणि पुढचा पाऊण तास स्वतःच बोलतेस; कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही. आणि हो, मला तुझ्याकडून काहीही नको आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू निर्धास्त वाचशील.

गेल्या महिन्यात करमाळ्याला बारशात तू चारचौघींसमोर म्हणालीस, “आमच्या दाक्षीला साठीत शाळेचं खूळ लागलंय, स्पॅनिश शिकतीया म्हनं. तितं जाऊन कलेक्टर व्हायचंय व्हय हिला?” सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण हातात तुझ्याच घरचं पुरणपोळीचं ताट होतं. पण खरं कारण आज सांगते. शिवलीलेला सातवा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तुझं तसंच झालं, माझं तसंच झालं. मी तिला म्हटलं, ये सोलापूरला, तर म्हणे, “अव्वा, हितं असं नसतंय की.” नसतंय तर नसतंय, पण विचारून बघायला काय जातं? आता लेकीला माहेरी धाडा अशी विनंती करायची ती विहिणीकडे, आणि लेकीच्या आईनं स्वतःच्या तोंडानं. आमच्या विहीणबाई आम्पारोबाई, राहणार वालेन्सिया, स्पेन, त्यांना स्पॅनिशशिवाय काही येत नाही. मध्ये बोलायला शिवलीलेनं साफ नकार दिला (“मी असलं काय बी सांगणार न्हाय”). जावई गोन्सालो गुणी आहेत, पण त्यांचं मराठी “भाकरी छान” इथपर्यंत येऊन थांबलं आहे. मग राहिलं कोण? मीच.

आमच्या गल्लीच्या टोकाला ऋतुजा राहते. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ती परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं सांभाळते आणि शनिवारी घरी स्पॅनिश शिकवते. मी तिला म्हटलं, बाई, माझं वय झालं, मला अख्खी भाषा नको, एकच क्रियापद दे, ‘येणे’. बाकी मी हातवाऱ्यांनी भागवीन. ती कपाळाला हात लावून म्हणाली, “मावशी, नेमकं तेच लई वाकडंय की.” आणि अक्का, वाकडं म्हणजे किती वाकडं! मी येते म्हणजे ‘वेंगो’, तू येतेस म्हणजे ‘विएनेस’, ती येते म्हणजे ‘विएने’. आम्ही येतो म्हणजे ‘वेनिमोस’. (हे रूप मी कच्चंच ठेवलं. एकट्या बाईला ‘आम्ही’ कशाला लागतंय?) काल आले तर ‘विने’, उद्या येईन तर ‘वेंद्रे’, आले असते पण जमलं नाही तर आणखी तिसरंच. मी चिडून म्हटलं, ही काय भाषा आहे की मस्करी, ऐन वेळी दुसराच शब्द पुढे करते! तर ऋतुजा शांतपणे म्हणाली, “मावशी, आपण ‘जातो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी ‘गेला’ म्हणतो. त्या ‘जा’चा ‘गे’ कुणी केला?” साठ वर्षं हा शब्द माझ्या तोंडात आहे, पण मी कधी त्याला हटकलं नव्हतं.

मग मात्र मी ते क्रियापद पिसाळल्यासारखं धरलं. वर्तमानकाळ पिठाच्या डब्यावर चिकटवला, भूतकाळ फ्रिजवर, भविष्यकाळ देवघराच्या कडेला (तो देवाच्याच हातात असतो). भाकरी थापताना थापेबरोबर म्हणायची, विने-विनिस्ते-विनो, विनिमोस-विनिस्तेइस-विनिएरोन, की भाकरी बरोबर गोल! कडक भाकरीच्या ऑर्डरी घेणाऱ्या शेजारच्या म्हाळसाबाई भिंतीला कान लावून ऐकत आणि बाहेर सांगत, की दाक्षायणीबाईंनी कुठला तरी नवा मंत्र घेतलाय. तिसऱ्या महिन्यात ऋतुजानं एक रूप शिकवलं, ‘वेंगा’. जे झालेलं नाही, होईलच असंही नाही, पण व्हावं असं मनात आहे, त्याला त्या लोकांनी क्रियापदाचा वेगळा साज ठेवलाय. “ती यावी.” अक्का, मी तिथं वहीवर टिपं गाळली. चार वर्षं मी दुसरं बोलतेय काय!

आता घोटाळा कुठे झाला ते ऐक. दर रविवारी संध्याकाळी सहाला मी आम्पारोबाईंना व्हिडिओ कॉल करायची, सरावासाठी. (तिकडे तेव्हा जेवणाची वेळ असते, बिचाऱ्या घास हातात धरून ऐकायच्या.) माझं बोलणं थोडक्यात असायचं: नमस्कार, तब्येत, हवा, आणि मग निरोप. निरोपाला काय म्हणायचं ते ऋतुजानं शिकवलं होतं, पण त्याचा अर्थ निघाला ‘मी जाते’. मी म्हटलं, शिवशिव! दिवेलागणीला, पोटुशी पोर ऐकत असताना, ‘जाते’ म्हणू? आपली आई दारातून निघताना कानडीत ‘होगी बरतीनी’ म्हणायची, जाऊन येते. नुसतं ‘होगतीनी’ तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. तुला आठवतं ना, शिवलीला चार वर्षांपूर्वी सोलापूर स्टेशनवर गाडीत चढली आणि गडबडीत म्हणाली, “अव्वा, जाते गं!” मी तिला ‘येते’ म्हणायला लावायला डब्यात चढले, तिनं म्हटलं, तोवर गाडी सुटली. कुर्डुवाडीला उतरले आणि घरातल्या चपलांवर तुझ्या दारात, करमाळ्याला आले. तू विचारलंस, “ही कसली तऱ्हा गं?” ही तऱ्हा अशी होती. तेव्हा आम्पारोबाईंचा निरोपही मी आपल्याच रीतीनं घेतला. हात जोडायचे, मान लववायची आणि मनापासून म्हणायचं, “वेंगो!” येते हं.

पहिल्यांदा ऐकल्यावर त्या बाईंनी घास खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवला. मला वाटलं, काय माझे उच्चार! दुसऱ्या रविवारी त्यांच्यामागे तीन बायका उभ्या; मला वाटलं, काय माझी कीर्ती! त्या भविष्यकाळात काहीतरी विचारायच्या, आणि ऋतुजाचा नियम होता की ज्या काळात प्रश्न त्याच काळात उत्तर, म्हणून मी ठणकावून सांगायची, “वेंद्रे!” म्हणजे येईन. पुढे त्यांनी एक खोली दाखवली, नुकती पिवळी रंगवलेली. बाळासाठी असेल म्हणून मी “सी, सी” केलं, म्हणजे हो, हो. मग एक खाट दाखवली. तान्ह्या बाळाला एवढी मोठी खाट कशाला, असं मनात आलं, पण परदेशात सगळंच मोठं असतं. नवी कोरी कढई दाखवली. शेजारणींनी विणलेली लोकरीची शाल दाखवली, ती तर चांगली माझ्या मापाची होती. तरीही, अक्का, तरीही मला काही कळलं नाही. तू म्हणतेस ना लहानपणापासून, दाक्षीची ट्यूब उशिरा पेटते. बरोबर म्हणतेस.

परवाच्या रविवारी मी खरी विनंती करायला बसले. इरकल नेसले, विहिणीची ओटी म्हणून नारळ आणि खण मोबाइलसमोर ठेवले, बसवेश्वरांच्या तसबिरीला हात जोडले आणि एका दमात म्हटलं, “किएरो के वेंगा शिवलीला.” माझी इच्छा, शिवलीला यावी. एक चूक नाही, विचार ऋतुजाला! आम्पारोबाईंनी ऐकलं, डोळे बारीक केले, मागच्या बायकांकडे बघितलं आणि आत शिवलीलेला हाका मारल्या. ती पोट सावरत आली, दोघी पाच मिनिटं बोलल्या आणि मग लेक माझ्याकडे वळून कडाडली, “अव्वा! तू ह्यांना अकरा रविवार काय सांगायलीस? ‘मी येते, मी येते’ म्हणून? त्यांनी आपली खोली रिकामी करून तुला दिलीया! तू मटण खात न्हाईस म्हणून वेगळी कढई घेतली! सगळ्या गल्लीला म्हाइतीय, सोलापूरची आजी येणार!”

मोबाइलसमोरचा नारळ मी घाईनं बाजूला सारला. मी म्हटलं, अगं, ते निरोपाचं येते गं, आपलं नेहमीचं. तिनं ते सासूला समजावलं. वाटलं, आता बाई रागावणार. तर त्या खो खो हसत सुटल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. काय म्हणाल्या ते शिवलीलेनं सांगितलं. त्यांना वाटत होतं, मी दर रविवारी निघते आणि दर वेळी घरातलं कुणीतरी मला अडवतं; म्हणून त्या शेजारणींना घेऊन मला धीर द्यायला बसायच्या. आणि मग, अक्का, माझी पोर एकदम लहान आवाजात म्हणाली, “अव्वा, मला बी खरंच वाटलं होतं की गं. तू विमानाला भितीस म्हणून मी कधी विचारलं न्हाय. पण दर रविवारी तू म्हणायचीस आणि मला वाटायचं, येणार.” डॉक्टर आता तिला प्रवास करू देणार नाहीत. ती यावी, यावी म्हणून मी क्रियापद घासत बसले, आणि ती तिकडे माझी वाट बघत होती. फार लाज वाटली मला, आणि आनंदही इतका झाला की रात्रीचं जेवायचं राहिलं.

असो. बाकी ठीक. मुलांना आशीर्वाद. दाजींना थंड ताक देऊ नकोस.

तुझीच,
दाक्षायणी

ता. क. – डिंकाचे लाडू तुझ्या हातचे दोन डबे लागतील. परदेशात चालतात का ते ऋतुजा विचारून सांगणार आहे, तू करायला घे.

ता. क. २ – वर ‘काहीही नको’ असं लिहिलं आहे, त्यात पासपोर्ट धरलेला नाही. तीन वर्षांपूर्वी शिवलीलेनं तिकडून फॉर्म भरून आपल्या दोघींचे पासपोर्ट एकदम काढवून घेतले, तेव्हा मीच माझा तुझ्याकडे दिला होता. पोरीनं आग्रह केला तर मी विरघळेन, म्हणून मी मागितला तरी देऊ नकोस, अशी तुला कमळाभवानीची शपथ घातली होती. शपथ मीच घातली, मीच सोडवते. देवीला नारळ तेवढा तू फोड, देऊळ तुला जवळ आहे. पासपोर्ट तुझ्या लोखंडी कपाटात, जांभळ्या इरकलीखाली आहे.

ता. क. ३ – घरात कोण अडवतं असं आम्पारोबाईंनी विचारल्यावर शिवलीलेनं माझ्याकडून कळलेली शपथेची हकिकत सांगितली. त्यामुळे वालेन्सियात एका गल्लीत तुझ्याबद्दल सध्या फार वाईट मत आहे. ते सुधारायला तुला स्वतःलाच तोंड दाखवावं लागेल.

ता. क. ४ – त्या इरकलीखाली दोन पासपोर्ट आहेत. ज्यात तू फोटोग्राफरवर डोळे वटारले आहेस, तोही घेऊन सोलापूरला ये, व्हिसाला मुंबईला बरोबर जाऊ. दाजींना रेश्मा जेवायला घालील, ती तुझ्यापेक्षा बरं करते. अक्का, मला विमानाची खरंच फार भीती वाटते. तुझा हात धरायला असला तर मी बसेन. आणि ‘विचार करून कळवते’ असलं काही लिहू नकोस, कारण काल मी आम्पारोबाईंना कच्चं ठेवलेलं ते रूप पक्कं करून सांगितलं, ‘वेनिमोस’, आम्ही येतो. त्यांनी पिवळ्या खोलीत दुसरी खाट मांडलीसुद्धा.