उपाशी क्रेनवाला

दि. ११ मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून तू फुगली आहेस हे कळलं. पण खोलीत आम्ही चौघं राहतो, आणि माझा फोन वाजला की बाकीच्या तिघांना ऐकण्यापलीकडे काही काम उरत नाही. त्यांच्यासमोर पोटाच्या गोष्टी कोण बोलणार? म्हणून हे पत्र.

नवी क्रेन जुनीपेक्षा बरीच उंच आहे. शिडीने वर पोचायला पाव तास लागतो आणि केबिन आपल्या कपड्यांच्या कपाटाएवढी. हुक इमारतीच्या मागे गेला की मला तो दिसत नाही. तिथे इशारेवाले मामा उभे असतात. सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते वॉकीटॉकीवर सांगतील तसं मी सळया नाहीतर काँक्रीट खाली ठेवतो. जरा डावीकडे, अजून हातभर, बस्स. दिवसभर आमचं एवढंच संभाषण.

पोटाचं म्हणशील तर ठीक आहे. मागच्या वर्षी डॉक्टरांनी आतड्याची सूज सांगितली तेव्हा तू रडून घर डोक्यावर घेतलं होतंस, तसं आता करू नकोस. मी माझा उपाय शोधला आहे. कामाच्या दिवशी खाली उतरेपर्यंत काही खायचं नाही, प्यायचं नाही. पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार? मध्येच उतरायचं म्हणजे सगळी साइट खोळंबते. नवे इंजिनिअर प्रत्येक खोळंब्याचं कारण वॉकीटॉकीवरच विचारतात आणि ते सगळ्यांना ऐकू जातं. मी काय सांगणार? नुसत्या विचाराने शिडीवरच कळ यायला लागते.

भावजींना नमस्कार. लोभ आहे तेवढाच ठेव, काळजी थोडी कमी कर.

तुझा,
धाकटा


दि. १८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. उन्हात, काचेच्या खोक्यात, दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि हातात टनभर लोखंड. तुझ्या भावजींना वाचून दाखवलं, तर नेहमी पेपरातून डोकं वर न काढणारा माणूस पेपर घडी करून बसून राहिला.

आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात रोज लोकांच्या जबड्यांचे साचे येतात. काहींचे दात झोपेत खाऊन खाऊन अगदी सपाट झालेले असतात. आमचे दातांचे डॉक्टर म्हणतात, काळजी कुठूनतरी बाहेर पडतेच. कुणाच्या दातांतून, कुणाच्या डोक्यातून. तुझी पोटातून पडते. लहानपणी परीक्षेच्या दिवशी तू संडासातून बाहेर यायचा नाहीस आणि बाबा बाहेरून प्रश्न विचारायचे, आठवतं?

पण सूज ही सूज आहे रे. ती नुसत्या काळजीने आली असं डॉक्टरांनी म्हटलं नव्हतं. गोळ्या चालू आहेत ना? तुझ्या पत्रात त्यांचं नावही नाही. मला सरळ उत्तर हवंय, गोलगोल नको.

दोन घास खाऊनच शिडी चढत जा. आशीर्वाद तर आहेतच, पण ते पोट भरत नाहीत.

तुझी ताई


दि. ३० मार्च

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सरळ उत्तर: गोळ्या बंद केल्यात. जानेवारीत शौचातून रक्त पडायचं थांबलं, मग कशाला घ्यायच्या? शिवाय सकाळची गोळी घेतली की पोट ढवळतं असं मला वाटायचं. आणि गंमत बघ, सुट्टीच्या दिवशी मला काहीही होत नाही. म्हणजे हे सगळं टेन्शनच. टेन्शनला गोळी कसली?

एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. लिहून टाकतो. परवा दुपारी सळयांचा गठ्ठा वर घेतला होता आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. अगदी क्षणभर. मामांचा आवाज कानात होता, थांब, थांब, थांब. मी थांबवलं तेव्हा गठ्ठा जिथे ठेवायचा नव्हता तिथे, स्लॅबच्या कडेला टेकला होता. खाली कुणी नव्हतं. इंजिनिअरांना मी वाऱ्याचा झोत आला म्हणून सांगितलं, मामांनीही मान डोलावली.

हे भावजींनाही सांगू नकोस. कळलं तर मला क्रेनवरून उतरवतील, आणि मला दुसरं काही येत नाही. रात्री झोप लागत नाही. डोळे मिटले की तो गठ्ठा दिसतो.

रागावू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. ४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग कारखान्यात माझ्या हातून एक साचा फुटला. आज लांबण लावत नाही.

खाली कुणी नव्हतं हे तुझं नशीब, आणि जो कुणी तिथे उभा असता त्याच्या बहिणीचंही. तू मला भाऊ म्हणून हवा आहेस, क्रेनवाला नसलास तरी चालेल. येत्या रविवारपर्यंत मामांना सगळं खरं सांग. नाही सांगितलंस तर मी साइटच्या पत्त्यावर त्यांना पत्र टाकीन. धमकी समजायची असेल तर धमकी समज.

तुझी ताई


दि. १५ एप्रिल

सौ. ताईंस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमचं पत्र मिळालं आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. माझं लिहिणं कच्चं आहे, समजून घ्या.

त्या दिवशी वारा नव्हता. मला माहीत होतं. पोराची पाण्याची बाटली रोज भरलेली वर जाते आणि भरलेलीच खाली येते, हेही बघत होतो. विचारलं नाही. म्हटलं, कुणाच्या पोटात शिरू नये. शिवाय स्वार्थ होता. त्याच्यासारखा हलका हात दुसऱ्या कुणाचा नाही आणि नव्या माणसाच्या हुकाखाली उभं राहायची मला भीती वाटते. चुकलंच माझं.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला शिडीपाशी अडवलं. सिमेंटच्या शेडमागे घेऊन बसलो. आधी चिडला, मग रडला. पुन्हा रक्त जात होतं, आठवडा झाला म्हणाला. तसाच रिक्षात घालून दवाखान्यात नेला. त्यांनी दाखल करून घेतलं. सलाईन लावलं तेव्हा जरा तोंडावर रंग आला. आता धोका नाही असं डॉक्टर म्हणतात.

इंजिनिअरसाहेबांना सांगावं लागलं. पोराने हो म्हटल्यावरच सांगितलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय तो वर जाणार नाही असं ते म्हणाले. तुमच्यावर तो फार रागावलाय. रागावू द्या, माणूस खाली आहे.

आपला,
इशारेवाला मामा


दि. २४ एप्रिल

ति. ताईस,
नमस्कार.

तू शब्द खरा केलास. अभिनंदन. आता साइटवरच्या प्रत्येकाला माझं पोट माहीत आहे. क्रेनवर दुसरा माणूस बसवलाय आणि मी खोलीत भिंत बघतोय. माझी जागा राहील की नाही हे कुणी सांगत नाही, आणि विचारायला गेलो की कळ येते.

डॉक्टरांचं बोलणं तुला हवंच असेल, म्हणून लिहितो. टेन्शनने हा आजार होत नाही, पण असलेला आजार टेन्शनने चाळवतो, असं ते म्हणाले. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. आणि उपाशी राहून आतड्याला विश्रांती मिळत नाही, माणूस तेवढा कोसळतो. थोडं थोडं खायचं, पाणी प्यायचं, झोप पुरी घ्यायची. मला वाटलं होतं दोन्हींपैकी एकच खरं असणार, आजार तरी नाहीतर टेन्शन तरी. ते म्हणाले, दोन्ही खरी आहेत आणि दोन्हींवर इलाज करायचा.

तिथेच एक समुपदेशक बाई आहेत. त्यांनी सावकाश श्वास सोडायला शिकवलं. पोटावर ठेवलेला हात वर-खाली व्हायला हवा, खांदे नाहीत. मला ते हास्यास्पद वाटलं, पण रात्री थोडी झोप लागली. मग त्यांनी विचारलं की मध्येच खाली उतरलास तर नक्की काय होईल. मी म्हटलं, सगळे हसतील. कधी उतरून बघितलंस का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. मग हसतील हे कशावरून, म्हणाल्या. तुझ्यासारख्याच आहेत.

राग गेलेला नाही.

धाकटा


दि. १ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागाव. पण जेवून रागाव.

पत्र टाकताना माझा हात पेटीच्या तोंडाशी थांबला होता, हे तुला सांगायला हवं. तू पुन्हा कधी माझ्याशी बोलला नाहीस तर, ही भीती होती. दुसरी भीती जास्त मोठी होती, म्हणून टाकलं. परत वेळ आली तर परत टाकीन. तुझे भावजी म्हणतात, जागा गेली तर इकडे ये, कवळ्यांना पॉलिश करायला माणूस हवाच आहे. त्यात खाली पडायची भीती नाही.

तुझी,
ताईच


दि. ९ जून

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कवळ्यांना दुसरा माणूस बघा. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि कालपासून मी वर आहे. पूर्ण दिवस नाही. दुपारनंतर तो दुसरा बसतो, आणि इंजिनिअरांनी ठरवून दिलंय की उतरायचं असेल तर आधी भार खाली ठेवायचा, मग नुसतं उतरतो म्हणायचं. कारण विचारणार नाहीत.

हे सगळं ठरलेलं असूनही काल शिडी चढताना मी दोनदा थांबलो. सकाळी गोळी घेतली होती, थोडं खाल्लं होतं, आणि तेच मनात घोळत होतं की खाल्लं आहे, खाल्लं आहे. तासाभराने कळ आलीच. आजाराची की भीतीची, मला कळेना. बाईंनी शिकवला तसा श्वास सोडला, जरा ओसरली, पण गेली नाही. काँक्रीटची बादली अर्ध्या वाटेवर होती. खाली दहा-बाराजण फावडी घेऊन तिची वाट बघत होते. पूर्वीचा मी असतो तर दात आवळून बसलो असतो.

बादली जमिनीवर टेकवली आणि म्हटलं, उतरतो. मामा एवढंच म्हणाले की बरं. पाव तास उतरलो, ताई, आणि प्रत्येक पायरीवर वाटत होतं की आता कुणीतरी हसेल. जाऊन आलो. सगळे तसेच उभे होते. काँक्रीट घट्ट होत आलेलं. तिथला स्लॅबवाला मुकादम म्हणजे तोंडाचा फाटका माणूस, ट्रक उशिरा आला तरी शिव्या देतो, पाऊस आला तर पावसाला देतो. आजारातून उठलोय म्हणून सगळे माझ्याशी सकाळपासून दबकून बोलत होते, तोही. मी शिडीपाशी पोचलो तेव्हा तो कमरेवर हात ठेवून बघत होता. मग त्याने मला शिवी दिली. तीच, जी तो सगळ्यांना देतो.

मी पूर्ण शिडी हसत चढलो.

राग संपला आहे. तुझा लोभ आहे तसाच राहू दे, आणि कधी गरज पडली तर ते पत्रही टाक.

तुझा,
धाकटा