काय ठेवलं

रविवार

ही वही ताईने दिली त्याला तीन वर्षं झाली. देताना म्हणाली होती, रोज चार ओळी लिहीत जा, म्हणजे आपण कुठे आहोत एवढं तरी तुझं तुला कळेल. मी हो हो म्हणालो आणि वही पिशवीच्या तळाशी गेली. तिच्यावर चहा सांडला, बसस्टँडवर ती उशाला घेतली, दोन पानं एका पोराला होडी करून द्यायला फाडली. लिहिलं मात्र काही नाही. आज एकदाचा मुहूर्त लागला, कारण नवी जागा, नवी नोकरी.

नोकरी झकास आहे. गावाबाहेरच्या दलदलीतून तीन किलोमीटर लाकडी पायवाट जाते. तिच्या कडेने पाच डबे लपवलेत. फिरायला येणारे लोक मोबाईलवर जागेचे आकडे टाकून डबा शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात, हवी तर त्यातली एखादी वस्तू घेतात आणि बदल्यात आपली एखादी ठेवतात. याला जिओकॅशिंग म्हणतात, हे मला मुलाखतीतच कळलं. थोडक्यात मोठ्या माणसांचा लपंडाव. हंगाम सुरू होण्याआधी मी सगळे डबे शोधून तपासायचे. म्हणजे भटकायचा पगार!

खोली ऑफिसच्या मागे. एक खाट, एक टेबल, दाराला कडीऐवजी खिळा आणि दोरी. गमबूट आधीच्या माणसाचे, मला एक नंबर मोठे. फाटकावरचे काका न विचारता सगळं सांगतात. आधीच्या माणसाचा कुत्रा फार भुंकायचा म्हणे. एक दिवस तो भर दुपारी सरळ चिखलात चालत गेला, कुणी हाक मारल्यासारखा, आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी माणसानेही नोकरी सोडली. मी म्हणालो, हाक मारल्यावर येणारं आमच्या घरात तरी कुणी नाही. काका खूप हसले.

सोमवार

ऑफिसातल्या बाईंनी नियम समजावले. डब्यातल्या वहीत तीन रकाने असतात. नाव, काय घेतलं, काय ठेवलं. घेतलं तर ठेवायचंच, असं त्या दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा मी खिडकीबाहेरची मुंग्यांची रांग बघत होतो.

पण ते वाक्य डोक्यात राहिलं. बाबा आजारी असताना मी जरा जाऊन येतो म्हणून निघालो ते तीन महिन्यांनी परतलो. बाबा तोवर गेले होते. सगळं ताईने एकटीने काढलं. दारातच म्हणाली, तू नुसतं घेऊन जातोस, ठेवत कधी काहीच नाहीस. मी तसाच मागे फिरलो. दोन वर्षं झाली, बोललेलो नाही. ती बरोबर होती हे मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त राग येतो.

मंगळवार, सकाळी नऊ

पहिला डबा फाटकापासून हाकेच्या अंतरावर, तरी अर्धा तास लागला. त्यातली वीस मिनिटं एका पक्ष्यापाशी गेली. शिक्षा केल्यासारखा एका पायावर उभा होता. डबा वळणावरच्या फळीखाली. आत वही, पेन्सिल आणि एक पितळी होकायंत्र. जड, देखणं. काटा उत्तर सोडून भलतीकडेच बघतो. अगदी माझाच भाऊ! खिशात टाकलं.

बदल्यात ठेवायला जवळ काय, तर नुसतं बसचं तिकीट. तिसऱ्या रकान्यापाशी ताईचा तो दारातला आवाज आठवला आणि लिहून टाकलं: मोठी बहीण. घेऊन जा, फार बोलते. एकटाच खो खो हसलो. पक्षी उडून गेला.

साडेदहा

दुसरा डबा. वहीत एक ओळ ओली. शाई नाही, चिखलाचं बोट फिरवल्यासारखी. 'ठेवलेलं मिळालं नाही.'

काकांची थट्टा असणार. पण काका फाटकावर आहेत, आणि ओल्या फळ्यांवर माझ्याच गमबुटांचे ठसे. दुसरे नाहीत.

बारा

तिसरा डबा. 'मिळालं नाही. बोलावून घेतो.'

जुनी पानं चाळली. आधीच्या माणसाचं अक्षर. काय घेतलं: विजेरी. काय ठेवलं: कुत्रा. घेऊन जा, फार भुंकतो.

दीड

पायवाटेच्या टोकाला पक्षी बघायचा मनोरा आहे, त्यावर. मोबाईलला रेंज फक्त इथेच. ताईला फोन लावला. उचलला भाचीने. म्हणाली, आई सकाळी नऊच्या सुमारास दूध गॅसवर ठेवून उठली ती गेलीच. पिशवी नाही, फोन नाही. चपलासुद्धा दारात. कुठे म्हणून विचारलं तर म्हणाली, भाऊ बोलावतोय.

मग भाची माझ्यावरच उखडली. मामा, दोन वर्षांनी बोलावलंस ते असं होय? तुझी खोली ती अजून दर रविवारी झाडते, माहितीये का तुला? आता आली की नीट बोल तिच्याशी.

मी बोलावलं नाही, हे सांगायला तोंड उघडलं. आणि बरं म्हणालो.

घरापासून इथे आठ तास. नऊ आणि आठ—

होकायंत्राचा काटा आता हलत नाही. फाटकाकडे.

तीन

चौथा डबा परतीच्या वाटेवर. उघडायचा नव्हता. उघडला.

'जवळ आली.'

पावणेपाच

पुन्हा पहिला डबा. होकायंत्र परत ठेवलं. माझी ओळ खोडली. खोडल्याची रेघ पुसली गेली, ओळ तशीच. पुन्हा खोडली. तशीच.

खाली नवीन, ओलं: 'बदली चालेल.'

कळलं मला. ताईच्या जागी मी. दोनच रेघा ओढायच्या. मी. एकच अक्षर.

पेन्सिल हातात आहे. तिने सगळं काढलं, बाबांचं, माझं—एक अक्षर तर—

आणि मी ही वही लिहितोय. डब्यातली नाही. ही.

तिथे म काढला. वेलांटी—

पक्षी परत आलाय. एका पायावर. कुणाकडे बघतोय—

काका ओरडतायत. अरे, तुझी बहीण आलीये रे! अनवाणी आहे, थांब म्हटलं तर थांबत नाही. फळ्या सोडून सरळ चिखलात—