सायकसभोवतीची जाळी

आई, तुला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी तुझ्यावरच संशय घेत बसले आहे. रागावू नकोस, संशय घ्यायला मला तूच शिकवलंस. दूधवाल्याने माप ओतलं की तू आधी बोट बुडवून बघायचीस, भाजीवाल्याच्या तराजूखाली हात फिरवायचीस, आणि कुणी विरजण मागायला आली तर ती गेल्यावर 'हिचं संपलं कसं?' म्हणायचीस. मीही तशीच झाले आहे. फक्त तुझ्याकडे त्या नजरेने बघायचं राहून गेलं होतं.

सातपूरच्या ऑफिसातून तू तो खजुरासारख्या पानांचा सायकस आणलास तो दिवस मला लख्ख आठवतो. साहेबांची केबिन नवी होणार होती म्हणून त्यांनी ती कुंडी टायपिस्ट बाईंना, म्हणजे तुला, देऊन टाकली होती. तू रिक्षात ती मांडीवर घेऊन आलीस. साडीला माती, पण चेहऱ्यावर प्रमोशन मिळाल्याचा थाट! हॉलमध्ये टीव्हीशेजारी तिची स्थापना झाली. बाकीच्या झाडांना नळाचं पाणी, याला मात्र दुधाचं पातेलं विसळलेलं पाणी. शिवाय दर रविवारी दुधात बुडवलेल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, चकाकी यावी म्हणून. पुसायचं काम माझं. मी आठवीत होते. आपला बोका शेजारी बसून मिशा चाटत असतो आणि तू स्वयंपाकघरातून ओरडतेस, "मधली कोवळी पानं हलक्या हाताने गं, मोडशील!"

त्याच उन्हाळ्यात बोका गेला. सोमवारी उलट्या सुरू झाल्या, बुधवारी त्याच्या कानाची आतली बाजू पिवळी दिसायला लागली. "हळद लागली की काय याला?" म्हणत तू पदराने पुसून पाहिलंस. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, काहीतरी विषारी पोटात गेलंय. गुरुवारी सकाळी तो तुझ्या मांडीवर गेला. त्याला पुरायचीसुद्धा वाट न बघता तू तडक जिना उतरलीस.

खालच्या काकूंचं दुधाचं पातेलं त्याने आदल्याच आठवड्यात लवंडलं होतं, आणि "याला एकदा काहीतरी घालतेच बघा," असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या. त्यांच्या गॅसमागे उंदरांच्या औषधाची वडी असते हेही तुला ठाऊक होतं. मग आणखी काय पुरावा हवा? "घातलंत ना शेवटी?" तू दारातच कडाडलीस. काकूंचे हात कणकेने भरलेले. "अहो ताई, पोरांची शपथ! तोंडाने बोलले हो, हाताने नाही केलं." त्यावर तू म्हणालीस, "शपथ कुणी मागितली? चोराच्या मनात चांदणं!" त्यानंतर सात वर्षं हळदीकुंकू बंद, फराळाचं ताट बंद. तू गेलीस त्या दिवशी सगळ्यात आधी पिठलं-भाकरी घेऊन त्याच आल्या होत्या. आई, मी त्या पिठल्याचा वास घेतला आणि ते मोरीत ओतून टाकलं.

गेल्या आठवड्यात माझ्या मांजरीला इंजेक्शन द्यायला नेलं होतं. डॉक्टर तरुण मुलगी आहे. घरात झाडं कोणती, असं तिने विचारलं. मी फुशारकीने सांगितलं, "आईच्या हातचा सायकस आहे." तिने पेन खाली ठेवलं. "आजच्या आज काढा तो. पान चघळलं तरी मांजराचं लिव्हर जातं. आधी उलट्या, मग कान-डोळे पिवळे." मी म्हटलं, "पण त्याला जाळी आहे." ती हसली. "हुशार बाई. कुणी लावली?"

कुणी लावली? तू लावलीस. बोका गेल्यावर आठवड्याच्या आत कंपनीतल्या फिटरकडून करून आणलीस, आणि मला म्हणालीस, चिमण्या चोच मारतात. हॉलमधल्या झाडाला चिमण्या? घरात मांजर उरलं नव्हतं, मग जाळी कुणासाठी? आणि ते दुधाचं फडकं? पुढच्या रविवारी मी मागितलं तर "राहू दे" म्हणालीस, आणि परत कधीच दिलं नाहीस. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती. कोवळ्या पानांवरच्या दातांच्या खुणा तू पाहिल्यास, हो ना? कधी? जिना उतरण्याआधी की नंतर? नंतर असेल तर सोळा पायऱ्या उतरून एवढंच सांगायला काय हरकत होती की आमचं चुकलं?

की मला वाचवत होतीस? कारण उलट्यांच्या आदल्या रविवारी फडकं कुंडीतच टाकून मी खेळायला पळाले होते. परत आले तेव्हा बोका फडकं चाटून मधलं कोवळं पान कराकरा चावत होता. मला हसू आलं. "खा रे, खा," म्हटलं मी त्याला. ते पान विषारी आहे हे मला काय माहीत! पण तू काकूंच्या दारात ओरडत होतीस तेव्हा मी तुझ्यामागेच उभी होते, आणि डॉक्टर 'पोटात गेलंय' म्हणाले तेव्हापासून मला ते पान आठवत होतं. मी बोलले नाही. मार बसेल म्हणून नाही, तुझा सायकस जाईल म्हणून.

हे सगळं खरं तर काकूंना सांगायचं. तुला लिहिते आहे, कारण तुला ते पोचणार नाही.

काल एका मैत्रिणीकडे कुंडी पोचवायला निघाले. तिच्याकडे मांजर नाही. जिन्यात काकू भेटल्या. गुडघे गेलेत त्यांचे, तरी म्हणाल्या, "जड आहे गं, धरते एका बाजूने." रिक्षापर्यंत आम्ही दोघींनी मिळून ती नेली. "ताईंचा जीव होता यावर," त्या जाळीवरून हात फिरवत म्हणाल्या. "देऊन का टाकतेस?"

मी म्हटलं, "जागा होत नाही, काकू."