शून्य पगाराचा ठिपका

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. परवा भाचीनं विचारलं, गणित घेऊन पुढे पगार किती मिळतो? मला एकदम आपलं मुलुंडचं कॉलेज आठवलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मीही तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "मला काय विचारतेस? दरवर्षी सगळ्यांना विचार आणि आलेख काढ." मी खरंच काढला. निळी रेघ आमच्या वर्गातल्या गणितवाल्यांची, लाल रेघ ओळखीतल्या बाकीच्या पदवीधरांची. पहिली काही वर्षं निळी खालीच होती. बँकेतली मैत्रीण चिडवायची, "वाट लागली ना गं तुमच्या गणिताची!" मग अंधेरीच्या कंपन्यांत कॉम्प्युटर आले, प्रोग्रॅम लिहायला आम्हाला घेऊ लागले, मलाही घेतलं, आणि एका वर्षी निळीनं लालला चक्क ओलांडलं!

आलेखाची गुंडाळी घेऊन मी धावतच तुमच्याकडे आले. तुम्ही पेपर तपासताय, चष्मा कपाळावर. "झकास," म्हणालात, "पण वर्गात पहिली आलेली कुठाय यात?"

"तिचं लग्न झालं, सर. नोकरी करत नाही ती."

"म्हणून ती गणित शिकलीच नाही?"

माझं तोंड एवढंसं झालं. त्या रविवारी मी कुर्ल्याला तिच्या घरी गेले. ती मेथी निवडत होती, मांडीवर बाळ. "माझा पगार? शून्य लिही. पण लिही हं, गाळू नकोस." मग हळूच म्हणाली, "अंधेरीच्या कंपनीत घेताना जी परीक्षा असते, तिच्यात विचारतात काय गं?" मी मेथीखालच्या पेपराच्या कडेला एक गणित लिहिलं. चहाला उकळी यायच्या आत तिनं सोडवलं! "अजून एक दे ना!" तिचे डोळे असे चमकत होते, सर! तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "परीक्षा कधी आहे? बाळाला मी बघते."

महिन्याभरात ती माझ्या शेजारच्या टेबलावर होती. बातमी मी तुम्हाला रस्त्यापलीकडूनच ओरडून सांगितली, आणि तुम्ही हातातली पिशवी खाली टाकून टाळ्या वाजवल्यात, भर बाजारात.

तुमचं ऐकून तिला शोधायला गेले, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हीही शेवटपर्यंत तसंच समजत राहिलात. खरं तर त्या रविवारी मी रागानं निघाले होते. "मी सुखात आहे, मला नोकरी नकोच," हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे तुम्ही चुकलात असं तुम्हाला सांगता आलं असतं.