पान सत्त्याऐंशीवरचा ‘कित्ता’

मी, खाली सही करणार, वय वर्षे एकोणऐंशी, जुन्या दप्तरखान्यातला निवृत्त नकलनवीस, राहणार याच दोन खोल्यांत, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी काल वार, तारीख विचारून आणि शंभरातून सात सात वजा करायला लावून तशी खात्री करून घेतली. माझ्यावर कोणाचा दाब नाही. धास्ती आहे, पण ती माझी मीच पोसलेली आहे. याआधी मी चार मृत्युपत्रे लिहिली आणि चारही फाडली. ती रद्द समजावीत.

कलम १. या दोन खोल्या, मागची गॅलरी, भांडीकुंडी आणि पोस्टातली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. ती बावन्न वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, आणि तिची आई गेल्यापासून हे घर तिच्याच जिवावर चालले आहे. गॅलरीच्या दाराची कडी वरून दाबून लावावी लागते, नाहीतर लागल्यासारखी वाटते आणि लागत नाही. मी रोज तीनदा उठून बघतो. तिने एकदा बघितले तरी पुरे.

कलम २. धाकट्या भावाला आईचे शिलाई मशीन द्यावे, जे तो बत्तीस वर्षांपूर्वीच घेऊन गेला आहे. मी रोज मेलेल्यांची हजेरी घेतो असे म्हणून तो जन्मभर हसत आला. आता मात्र मी काढलेली आमच्या आडनावाची वंशावळ त्याला चौकट करून बैठकीत टांगायची आहे. ती त्याला मुळीच देऊ नये. ती चूक आहे.

कलम ३. माझे भिंग, पितळी पट्टी, दोन दाभणे आणि कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी पुढच्या गल्लीतल्या बाइंडरला द्यावी. त्याचे आणि आमचे आडनाव एकच आहे. त्याने वस्तू परत पाठवल्या तर वाईट वाटून घेऊ नये. तो त्याचा हक्क आहे.

कलम ४. आता ज्याच्यापायी आधीचे चार कागद फाडले, ते लिहितो.

सव्वीस वर्षांपूर्वी मुलीने मला सांगितले की तिला या बाइंडरशी लग्न करायचे आहे. मुलगा सरळ, बोलणे थोडके, कामाला पक्का. आडनाव एक निघाले तेव्हा लोक म्हणाले, योगायोग असेल, या आडनावाची माणसे पैशाला पासरी मिळतात. मला ते पटेना. लोकांच्या आडनावांची मुळे शोधून देणे हा माझा रोजचा उद्योग, मग पोटच्या पोरीच्या वेळी डोळे कसे मिटू? सहा महिने मी आमचे आडनाव धरून मागे मागे जात राहिलो. जन्ममृत्यूच्या वह्या झाल्या, पाण्याच्या पाळ्यांच्या याद्या झाल्या. शेवटी घरपाहणीच्या एका जुन्या वहीत सापडले. पान शहाऐंशीच्या शेवटच्या ओळीत माझे पणजोबा होते. पान सत्त्याऐंशीच्या पहिल्या ओळीत बाइंडरचे पणजोबा होते, आणि त्यांच्या बापाच्या रकान्यात एकच शब्द होता: कित्ता. तेच तेच पुन्हा लिहायचा जुन्या कारकुनांना कंटाळा. कित्ता म्हणजे वरीलप्रमाणे. म्हणजे दोघांचा बाप एक, दोघे सख्खे भाऊ.

खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. सापडले, एवढेच मनात आले. मुलीचे काय होणार हे दप्तरखान्याच्या पायऱ्या उतरताना सुचले.

घरी येऊन सांगितले, तुम्ही एका मुळाची, नात्याने काका-पुतणी, हे लग्न होणे नाही. मुलीने नक्कल मागितली. मी शिक्का मारून दिली. पुराव्यापुढे मान तुकवणारी मुलगी, तिने ती घडी घालून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. बाइंडर एकदा येऊन दारातल्या पायरीवर बसला. वही फक्त एकदा हातात द्या, एवढेच त्याचे मागणे होते. बाहेरच्या माणसाला जुन्या वह्यांना हात लावता येत नाही, असे मी त्याला ऐकवले. नियम खरा होता. पण त्याच्या हातात ती वही गेली असती तर दोन मिनिटांत सगळे उघड झाले असते.

कलम ५. अकरा वर्षांपूर्वी वह्यांचे फोटो काढायचे काम निघाले आणि जुना माणूस म्हणून मला मदतीला बोलावले. फोटो काढणारी मुलगी पाने उलटता उलटता म्हणाली, “काका, कसरीनं इथून तिथवर एकच भोक पाडलंय, पण मधल्या या पानाला भोकच नाही. असं कसं?”

ते पान सत्त्याऐंशी होते. त्याच्या कोपऱ्यात तेलाचा डाग होता, आणि तसाच डाग थेट पान एकशे तीनवर. सत्त्याऐंशीची खरी जागा त्याच्यानंतर होती. एकशे तीनच्या शेवटच्या ओळीत एक होडीवाला आहे, दुसऱ्याच गावाहून आलेला. बाइंडरच्या पणजोबांचा कित्ता त्या होडीवाल्याच्या ओळीचा, म्हणजे ते त्याचे भाऊ. आमचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही.

पान चुकीच्या जागी कोणी घातले, हेही तिथेच लिहिले होते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दप्तरखान्यात नळ फुटला होता. भिजलेल्या वह्या सोडवून, पाने दोरीवर वाळवून, पेन्सिलीने इंग्रजी आकडे घालून मी पुन्हा शिवल्या. साहेबांना सगळे संध्याकाळपर्यंत हवे होते. कोपऱ्यातल्या सत्त्याऐंशीच्या सातला मधोमध आडवी रेघ आहे. सात असा मीच काढतो.

फोटो काढणाऱ्या मुलीला मी म्हणालो, जुन्या वह्यांत असे असायचेच. आणि घरी आलो. बाइंडर तेव्हा अजून एकटा होता. पुढे दोन वर्षांनी त्याने लग्न केले. पत्रिका मलाही आली. ती दोन वर्षे मी रोज संध्याकाळी ठरवत असे की आज जेवताना सांगू. मग वाटे, मुलगी शांत आहे, कशाला खपली काढा. शांत ती होती. घाबरलेला मी होतो.

कलम ६. हा कागद पाकिटात बंद करून वकिलाकडे ठेवावा आणि माझ्या पश्चातच मुलीच्या हाती द्यावा.

कलम ७. वरील कलम सहा रद्द. ते लिहून झाले आणि मनात आले, मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. तेवढीही सोय मी तिला ठेवणार नव्हतो. म्हणून आज सकाळी ती शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसली होती तेव्हा समोर बसून सगळे सांगितले.

तिने आधी एवढेच विचारले, “तुम्हाला कधी कळलं?”

मी म्हणालो, “अकरा वर्षं झाली.”

“म्हणजे मी एकेचाळीस वर्षांची होते. आणि त्याचं लग्न व्हायचं होतं.”

मी हो म्हणालो. तिने लाल पेन मिटून वहीवर ठेवले.

“पान चुकलं ती एका संध्याकाळची चूक होती, बाबा. ही तर तुम्ही रोज सकाळी उठून केलीत.”

मग तिने हा कागद मागितला आणि उभ्यानेच वाचला. मला आनंद झाला असे जिथे लिहिले आहे तिथे थांबली, पण ते खोडायला सांगितले नाही. घराचे कलम तसेच राहू द्या, म्हणाली, राहणार तर मी इथेच आहे. बाइंडरला तीच सांगणार आहे, मी तिकडे फिरकायचे नाही. ती वही दुरुस्त व्हावी म्हणून दप्तरखान्याला अर्ज मात्र मी लिहायचा, आजच, आणि चूक कोणाची ते त्यात स्पष्ट लिहायचे. तो लिहिला आहे. सोबत जोडला आहे.

दारापर्यंत जाऊन ती मागे वळली.

“शेवटी मी माफ केलं वगैरे लिहू नका. तुमच्या हातचं लिहिलेलं लोक खरं धरतात.”

कलम ८. म्हणून तसे लिहिलेले नाही. माझ्या मुलीने मला माफ केल्याची नोंद या कागदात कुठेही नाही, आणि माझ्यामागे कोणी ती घालू नये.

सर्व मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. खाडाखोड नाही. रद्द केलेले कलम सहा मुद्दाम वाचता येईल असे ठेवले आहे. सही दोन साक्षीदारांसमोर केली आणि त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: लिहून ठेवणार, निवृत्त नकलनवीस

साक्षीदार १: शेजारचे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: दप्तरखान्याचे निवृत्त शिपाई (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: सोळा, महिना दुसरा, वार सोमवार, दुपारी बारा वाजता